बोथट पात्याची विद्या

रोमन सैनिकाचे पोलादी चिलखत आज कोठे घडते, असा प्रश्न कोणी विचारला, तर बहुतेकांच्या ओठांवर इटलीचे नाव येईल. वस्तुस्थिती निराळी आहे. युरोप-अमेरिकेतील हौशी इतिहासप्रेमी उन्हाळ्यातील मेळ्यांत रोमन पलटणींचे संचलन करतात. त्यांच्या अंगावरील चिलखते, शिरस्त्राणे आणि कमरेच्या आखूड तलवारी यांतील बराच माल भारतातून जातो. मेरठची दीपिका एक्स्पोर्ट्स आणि १९४३ पासून डेहराडूनमध्ये असलेली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही या व्यवसायातील जगभर ठाऊक असलेली नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइनच्या काठी वापरलेली तलवार आज गंगा-यमुनेच्या दुआबात पुन्हा घडते.

याच देशात, अमरावती किंवा अकोल्यात, शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी कोणाला दांडपट्टा हवा असला तर मात्र बाजारात सहसा चकचकीत मुलामा दिलेला पत्रा हाती येतो. दांडपट्टा हे आता महाराष्ट्राचे राज्यशस्त्र आहे. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी १९ फेब्रुवारी २०२४ रोजी आग्रा किल्ल्यावरील शिवजयंती सोहळ्यात तशी घोषणा केली. शस्त्राला मान मिळाला, पण त्याची प्रतिकृती कशी असावी, हा प्रश्न अद्याप कोणी फारसा विचारलेला नाही. या प्रश्नाचे अर्धे उत्तर वऱ्हाडात शंभरांहून अधिक वर्षे जपले गेले आहे.

रोमन पलटणीचा धडा

ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ नावाचे हौशी मंडळ स्थापन झाले. पहिल्या शतकातील रोमन सैनिकाची साधनसामग्री जशीच्या तशी घडवून वापरून पाहणे, हे त्याचे कार्य. त्याच्या आधी आठच वर्षे, म्हणजे १९६४ मध्ये, हेड्रियनच्या भिंतीजवळील कॉर्ब्रिज येथे उत्खननात एक पेटी सापडली होती. तीत रोमन चिलखताच्या लोखंडी पट्ट्या, बिजागऱ्या आणि चामडी बंदांचे अवशेष होते. त्यांच्या आधारे शस्त्रतज्ज्ञ रसेल रॉबिन्सन यांनी पट्ट्यांच्या चिलखताची जुळणी सिद्ध केली. त्यापूर्वीच्या चित्रकारांनी व शिल्पांच्या अभ्यासकांनी केलेले अनेक तर्क त्यामुळे बाद ठरले. नव्या जुळणीत पट्ट्या आतून चामड्याच्या बंदांवर रिव्हेटने बसतात आणि एकीवर एक सरकतात. त्यामुळे माणूस लोखंडाच्या पिंजऱ्यात न अडकता वाकू शकतो आणि हात वर नेऊ शकतो.

या मंडळींचा काटेकोरपणा लक्षात घेण्यासारखा आहे. ते नुसती ‘रोमन तलवार’ म्हणत नाहीत. ‘माइन्झ घाटाची’ की ‘पॉम्पेई घाटाची’, हे आधी ठरते. त्यांची लांबट चौकोनी ढाल सीरियातील दुरा-युरोपोस येथे सापडलेल्या आणि आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलादालनात असलेल्या ढालीवरून केलेली असते. ती ढाल लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून, म्हणजे आजच्या प्लायवूडच्याच रीतीने केलेली आहे. पायांतल्या वहाणांनाही आधार आहे. उत्तर इंग्लंडमधील विंडोलंडा या छावणीच्या ओल्या, हवाबंद मातीत रोमन काळातील जोडे हजारोंच्या संख्येने टिकून राहिले. तळाला ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांची मांडणीसुद्धा त्यांवर वाचता येते.

ही साधने वापरून पाहिल्याने इतिहासाच्या ज्ञानात भरच पडली. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५ मध्ये काही सहकाऱ्यांसह रोमन सैनिकाचा संपूर्ण सरंजाम अंगावर घेऊन व्हेरोनाहून आल्प्स ओलांडला आणि आउग्सबुर्ग गाठले. वहाणेचा तळ किती टिकतो, ओझे खांद्यावर कोठे काचते, दिवसाची चाल किती होते, या गोष्टी ग्रंथालयात बसून समजल्या नसत्या. प्रतिकृतीला मूळ नमुन्याचा आधार असला आणि ती प्रत्यक्ष वापरली गेली, तर ती इतिहासाचे साधन ठरते. या दोहोंपैकी एकही गोष्ट नसेल, तर ती केवळ शोभेची वस्तू होय.

वऱ्हाडचा शस्त्रवारसा

शस्त्रांच्या इतिहासाला वऱ्हाडात जागा कमी नाहीत. अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावर नऊगजी तोफ आजही पडून आहे. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, मन-म्हैस नद्यांच्या काठचा बाळापूरचा किल्ला आणि अचलपूरचे जुने वैभव यांनी या भूमीचे लष्करी महत्त्व सांगितलेच आहे. अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. भाला, पट्टा आणि फिरंग या शस्त्रांची वऱ्हाडातील सद्दी तेव्हापासून ओसरू लागली.

यांपैकी फिरंग नुकतीच पुन्हा चर्चेत आली. वऱ्हाडवर निजामाबरोबर दोअमली अंमल चालविणाऱ्या नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. राज्य शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत पोहोचली. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे असून मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची आहे. पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले आहे. परदेशी पाते आणि देशी मूठ यांचा हा संयोग म्हणजेच ‘फिरंग’. मराठ्यांची तलवार म्हणजे हमखास वाकडी, असा जो समज चित्रपटांनी आणि कॅलेंडरांनी रूढ केला, त्याला ही एकच तलवार पुरेसे उत्तर आहे. लांब, सरळ पात्याची धोपही मराठ्यांच्या आवडीची होती.

प्रतिकृती करणाऱ्याने अशा एखाद्या निश्चित नमुन्यापासून सुरुवात करावी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ पासूनचा आपला अजब बंगला, वऱ्हाडकरांना एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालयही त्यासाठी उपयोगी पडेल.

आखाड्याने काय जपले?

इंग्रजी अमलात १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवार बाळगणे परवान्यावर आले. धार गेली, पण हाताची सवय पूर्ण गेली नाही, याचे श्रेय आखाड्यांना आहे. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेला आखाडा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ख्यातनाम झाला. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनी येथे व्यायामाचे शिक्षण घेतले. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

आखाड्यातील साधनांकडे नीट पाहिले, तर ती मुळात शस्त्रांच्या प्रतिकृतीच आहेत, हे ध्यानात येते. फरीगदक्यातील गदका म्हणजे कातड्याने मढविलेली सुमारे तीन फुटी काठी. ती तलवारीच्या जागी आहे. फरी म्हणजे लहानशी चामडी ढाल. बोथाटी ही भाल्याची प्रतिकृती. तिच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा असतो आणि तो रंगात बुडविला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर उमटलेला ठिपका वाराची साक्ष देतो. ‘बोथट’ शब्दाशी असलेले तिचे नाते उघडच आहे. खुद्द लेझीम ही मूळची धनुष्याची प्रतिकृती होय. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य तिरंदाजांचे खांदे कमावण्यासाठी होते. शाळेच्या पटांगणात लेझीम खेळलेल्या प्रत्येक मराठी माणसाने नकळत एका शस्त्राची प्रतिकृती हाताळलेली असते.

या विद्येची नोंदही झालेली आहे. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशात आखाड्यातील साधनांचे आणि हालचालींचे वर्णन वाचावयास मिळते. रोमन पलटणीच्या हौशी मंडळींजवळ मूळ नमुने आहेत, पण त्यांचे खेळ शिकविणारा एकही उस्ताद उरलेला नाही; पावित्रे त्यांना तर्काने बसवावे लागतात. आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. हालचाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, पण हातातील वस्तू मात्र मूळ मोजमापापासून दूर गेली आहे.

दांडपट्टा: मनगट बांधणारे शस्त्र

दांडपट्टा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तीन ते चार फूट लांबीचे सरळ, दुधारी, लवचीक पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा अशी त्याची रचना असते. खोबळ्याच्या आत आडवी दांडी असते. ती मुठीत धरायची आणि हाताच्या वरच्या अंगाला पट्टी बसवायची. त्यामुळे मनगट बांधले जाते. तलवार मनगटाने वळते, पट्टा खांद्याने आणि कमरेने फिरवावा लागतो. पट्टेकऱ्याच्या गिरक्या, उड्या आणि पायांची अखंड हालचाल दिखाव्यासाठी नसते. मनगट वापरता येत नाही, म्हणून सारे शरीर वापरावे लागते. लिंबू चिरून दाखविण्याचे प्रात्यक्षिक प्रेक्षकांच्या टाळ्या घेते, पण त्यामागची खरी परीक्षा वार हव्या त्या ठिकाणी थांबविण्याची असते.

प्रतिकृतीत चुका होतात त्या नेमक्या येथे. मजबुती यावी म्हणून पाते जाड केले, तर ते लवत नाही आणि त्याचे सारे ओझे खांद्याच्या सांध्यावर येते. खोबळा आखूड केला, तर पाते हातापेक्षा वेगळे हलते आणि कोपर दुखावते. पत्रा फार पातळ असेल, तर गिरकीत तो दुमडतो किंवा जोडाशी तुटून बाहेर उडतो. सभोवती प्रेक्षकांचे, बहुधा लहान मुलांचे, कडे असते. पाते बोथट असले, तरी तुटलेला तुकडा बोथट नसतो.

प्रतिकृती पारखताना

प्रतिकृतींचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात: शोभेची, सरावाची आणि अभ्यासाची. शोभेची भिंतीवर टांगावी किंवा फार तर मिरवणुकीत हाती धरावी. सरावाची बोथट असली, तरी वजनाने, लांबीने आणि तोलाने अस्सल शस्त्राजवळ असावी. अभ्यासाची प्रतिकृती संग्रहालयातील एका विशिष्ट वस्तूवरून, तिची मापे घेऊन केलेली असते. अनर्थ घडतो तो पहिल्या प्रकारातील वस्तू दुसऱ्या कामाला लावल्यामुळे.

वजनाबाबत मोठा गैरसमज आहे. समाजमाध्यमांवर अमुक वीराची तलवार वीस किलोची होती आणि तमुकाचा भाला ऐंशी किलोचा होता, असे मजकूर सतत फिरत असतात. संग्रहालयांतील एका हाताने चालविण्याच्या तलवारी प्रत्यक्षात साधारण एक किलोच्या आसपास भरतात. दीड किलोची तलवारही जडच म्हणावी लागेल. घटकाभर चाललेल्या लढाईत हात उचलत राहणे ज्याला माहीत आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. पूर्वजांच्या शौर्याला किलोंचा टेकू लागत नाही.

पोलादाचाही विचार हवा. शोभेच्या बहुतेक तलवारी न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. ते चकाकते, पण लांब पात्यात आघात सोसत नाही आणि फटकन तुटते. सरावासाठी कार्बनयुक्त, लवणारे पोलाद लागते. आपल्याकडील लोहार विळे-कोयत्यांसाठी मालमोटारीचा कमानपाटा वापरतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. ते गंजते, म्हणून त्याला तेलाचा हात द्यावा लागतो; पण ते आधी वाकते आणि पुन्हा सरळ होते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पात्याचा मुठीत शिरणारा भाग रुंद आणि अखंड हवा. स्वस्त प्रतिकृतीत तेथे बारीक सळई जोडलेली असते. तलवार तुटते ती बहुधा तेथूनच. विक्रेत्याला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू भिंतीसाठीच आहे, असे समजावे.

चिलखत, ढाल आणि जिरेटोप

मराठ्यांचे चिलखत पत्र्याचे नव्हे, तर बहुतांशी कड्यांचे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, हे सर्वश्रुत आहे. अंगरख्याखाली लपू शकणारे चिलखत कड्यांचेच असणार. अस्सल विणकामात एका कडीत चार कड्या गुंतविलेल्या असतात आणि कडीची टोके चपटी करून, एकावर एक ठेवून बारीक रिव्हेटने बंद केलेली असतात. प्रतिकृतीत मात्र टोके नुसती एकमेकांना भिडविलेली आढळतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण भाल्याच्या टोकाने भिडविलेली कडी उघडते आणि रिव्हेटची कडी टिकते. हजारो रिव्हेट हाताने बसवायचे, म्हणून अस्सल काम महाग असते.

अशा चिलखताचे ओझे सहज आठ-दहा किलोंचे होते. ते सारे खांद्यांवर येऊ नये म्हणून कमरेला पट्टा आवळतात, म्हणजे निम्मा भार कमरेवर जातो. आत जाड सुती, रुईभरला अंगरखा अनिवार्य. कड्या वार अडवितात, पण आघात अडवीत नाहीत. वऱ्हाडच्या उन्हात याची कसोटी लागते. फेब्रुवारीतील मिरवणूक सुसह्य असते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकत असताना लोखंड अंगावर चढविणे जिवावर बेतू शकते. प्रयोग सकाळी किंवा सूर्यास्तानंतर ठेवावा आणि कलाकारांना पाणी व सावली मिळेल, याची व्यवस्था आयोजकांनी आधी करावी.

ढाली गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या, तशाच पोलादाच्याही असत. आज म्हशीच्या कातड्याची ढाल उत्तम होऊ शकते. फायबरच्या ढालीवर गदक्याचा वार आला की पोकळ आवाज येतो. कातडे तो वार गिळून टाकते.

पायांकडे दुर्लक्ष

या साऱ्या थाटात पायांकडे कोणाचे लक्ष जात नाही. डोक्याला जिरेटोप, हातात फिरंग आणि पायांत रबरी तळाचे बूट, हे दृश्य मिरवणुकांत सर्रास दिसते. रोमन मंडळींना विंडोलंडाच्या चिखलाने जोडे जपून ठेवले. आपल्या उष्ण, पावसाळी हवामानात कातडे मातीत टिकत नाही. त्यामुळे आपला आधार चित्रे, पोथ्या आणि चालत आलेले कारागीर यांचाच. जुन्या चित्रांत अनेक पायदळी माणसे अनवाणी किंवा साध्या वहाणांत दिसतात; सरदारांच्या पायांत चढाव असतात. हा भेद दाखविणे हाही इतिहासच आहे. साऱ्या मावळ्यांना एकसारखे नवे जोडे घातले, तर फौज कवायती पलटणीसारखी दिसू लागते.

शिवाय गुळगुळीत चामडी तळ आणि सिमेंटचा रस्ता यांचे जमत नाही. पट्ट्याच्या गिरकीत पाय घसरला, तर पाते कोठे जाईल, याचा भरवसा नसतो. आखाड्यातील लाल मातीवर अनवाणी केलेला सराव डांबरी रस्त्यावर तसाच उतरत नाही, म्हणून रस्त्यावरच्या प्रयोगाची तालीम रस्त्यावरच व्हावी.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला यांसारखी साधने शस्त्रांच्या यादीत मोडतात. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सण-उत्सवांच्या काळात मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर लाठ्या-काठ्या बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. ‘आमची तलवार खोटी आहे’ हा बचाव रस्त्यात पुरेसा ठरतोच असे नाही. म्हणून मंडळांनी प्रयोगाची आणि साधनांची यादी पोलीस ठाण्यात आधीच देऊन लेखी परवानगी घ्यावी, पाती बोथट व टोके गोल ठेवावीत, ने-आण बांधलेल्या म्यानात करावी आणि प्रात्यक्षिकाभोवती दोर लावावा. हाताळणारी व्यक्ती शिकलेली असावी, हा नियम मात्र कायद्यात नसला, तरी आखाड्याने नेहमीच पाळला आहे.

जोडणी कोणी करायची?

वऱ्हाडात या कामाचे सारे घटक उपलब्ध आहेत. हालचाल जाणणारे आखाडे आहेत. गावोगावी भाते लावून बसणारे घिसाडी आहेत, धार आणि चकाकी यांत आयुष्य घालविलेल्या शिकलगारांचे वंशज आहेत, म्यान-खोगिराचे काम ज्यांच्या घरात होते ते जीनगर आहेत. मूळ नमुने संग्रहालयात आहेत. रोमन चिलखताची मापे इंग्लंडहून मेरठला पोहोचू शकतात, तर एका पट्ट्याची मापे नागपूरहून अमरावतीला येण्यास काय हरकत आहे?

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. एका मंडळाने एकच वस्तू निवडावी, संग्रहालयाच्या परवानगीने तिची लांबी, रुंदी, जाडी, वजन आणि तोलाचा बिंदू टिपून घ्यावा, लोहाराकडून तशीच बोथट प्रतिकृती करवून घ्यावी आणि ती जाणत्या पट्टेकऱ्याच्या हाती द्यावी. पहिली बहुधा चुकेल. ती का चुकली, हे त्या पट्टेकऱ्याचा खांदा सांगेल. तेवढे वहीत लिहून ठेवले, की दुसरी अधिक बरी होईल. इंग्लंडमधील हौशी मंडळींनी गेल्या पन्नास वर्षांत याहून निराळे काही केलेले नाही.

लेझीम हाती घेणाऱ्या मुलाला ती एके काळी धनुष्य होती, एवढे जरी कोणी सांगितले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.